टायगर मॉथ : कापड चढवण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

मुक्ता_लेस्टर

नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडात आमचा एक हौशी गट दुसऱ्या महायुद्धातला टायगर मॉथ (डीएच ८२ए, दुहेरी पंखांचं लाकूड-कापडाचं जुनं प्रशिक्षण विमान) पुन्हा उडता करायच्या मागे आहे. धडाचा पोलादी नळ्यांचा सांगाडा सँडब्लास्ट करून एपॉक्सी प्रायमर मारून झालाय. चारही पंख उघडे करून लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवलेत. शेपटीचे भाग पूर्वीच कुणीतरी नवे करून ठेवलेले आहेत. कापड चढलं की आतलं परत दिसत नाही, म्हणून आधीच विचारून घेते.

पंखांतले बरेच सांधे मूळचे, केसीन ग्लूचे आहेत. वरून सगळं ठीक दिसतंय. उघडावेत का?

विमानासोबत खालच्या पंखांचे दोन लॅटरल टाय रॉड (धडाखालून दोन्ही पंख जोडणाऱ्या दांड्या) आलेत. पिशवीबंद आहेत, न वापरलेले दिसतात, पण कागद एकही नाही. बसवायचे का?

कापड लिनन घ्यावं की पॉलिएस्टर? गटात दोन तट पडलेत.

इंजिन जिप्सी मेजर १. बरीच वर्षं इनहिबिटिंग (गंज रोखणारं) ऑइल भरून ठेवलेलं आहे. लॉगबुकाप्रमाणे ओव्हरहॉलला तास शिल्लक आहेत. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रं) तपासून चालू करून बघावं असं काहींचं म्हणणं.

गटात मुरलेले सुतार दोन, बाकी सगळे शिकाऊ. इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा येतात.

सांधेसुतार

ताई, केसीनचा सांधा नुसत्या डोळ्यांनी पास करता येत नाही. केसीन म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा ग्लू. कोरडा राहिला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण ओल लागली की बुरशी त्यालाच खाते आणि सांध्यात पिवळट भुकटी उरते. वर वार्निश चकचकीत, आत काही नाही.

आधी पाणी साचायच्या जागा गाठा: खालच्या पंखांची मुळं, मागच्या कडेलगतचे रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या), आणि जुन्या कापडाला जिथे पाणी जायची भोकं नव्हती किंवा रंगाने बुजली होती ती जागा. फीलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) सगळ्यात पातळ पान सांध्याच्या कडेने फिरवा. कुठेही आत सरकलं तर तो सांधा गेला. नाही सरकलं तरी तो पास झाला असं समजू नका. सगळ्यात संशयित जागेचा एक सांधा मुद्दाम पटाशीने फोडा. दोन्ही पृष्ठांवर लाकडाचे तंतू ओरबाडून आलेले दिसले तर ग्लूमध्ये जीव आहे. एक बाजू गुळगुळीत, काचेसारखी स्वच्छ निघाली तर ग्लू मेलाय, आणि मग त्या पंखातले सगळेच सांधे तसेच धरायचे. बहुतेक गट शेवटी रिब नवे करतात, कारण जुना सोडवून, खरवडून पुन्हा चिकटवण्यापेक्षा जिगवर (साच्यावर) नवा रिब लवकर होतो. शिकाऊ हातांना हे काम उत्तम. बिघडला तर एक रिब जातो, स्पार (पंखाची लांब मुख्य तुळई) जात नाही.

स्पारकडे मात्र सुतारांनीच बघावं. फिटिंग काढल्याशिवाय स्पार तपासला असं म्हणू नये. पोलादी बोल्टभोवती लाकूड काळं पडलेलं दिसेल. ओल, लोखंड आणि लाकडातलं आम्ल यांचा तो डाग. डाग नुसता वरचा असेल तर चालतं. टोच्याने दाबल्यावर लाकूड मऊ लागलं किंवा भोक लांबट झालेलं असेल तर तो भाग बाद. दुसरी भानगड दाबाच्या भेगेची. विमान कधी काळी जोरात आदळलं असेल किंवा जमिनीवर गरकन फिरून पंख टेकला असेल, तर स्पारच्या कडेवर रेषांना आडवी, केसासारखी बारीक सुरकुती येते. सरळ उजेडात ती दिसत नाही. अंधारात टॉर्च अगदी आडवा धरा, मग व्हाइट स्पिरिटचा फडका फिरवा. बाकीचं लाकूड सुकलं तरी ती रेघ ओली राहते. स्ट्रटच्या (दोन पंखांमधल्या खांबाच्या) फिटिंगच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर बघा. अशी भेग वरून पट्टी चिकटवून दुरुस्त होत नाही. स्पारचा तुकडा बदलायचा, तिरपा जोड १ : १२ उताराचा, आणि जोड फिटिंगखाली येऊ द्यायचा नाही. जोड नेमका कुठे चालतो ते दुरुस्तीच्या मंजूर ड्रॉइंगवरूनच ठरवा.

नवं लाकूड विमान-दर्जाचं सिट्का स्प्रूसच. रेषांचा तिरपेपणा १५ ला १ पेक्षा जास्त नको, ओल ८ ते १२ टक्के. चिकटवायची बाजू धारदार रंध्याने त्याच दिवशी रंधा. स्प्रूसला सँडपेपर लावू नका, भुसा छिद्रांत बसतो आणि ग्लू आत शिरत नाही. ग्लू रिसॉर्सिनॉल असेल (एरोडक्स वगैरे) तर सांधा घट्ट बसलेला हवा, शिकंज्याचा दाब हवा, फट अजिबात नको. एपॉक्सी फट सहन करतं, पण उन्हात गडद रंगाखाली मऊ पडतं. म्हणून मी रिसॉर्सिनॉलच्या बाजूचा.

आणि दर वेळी ग्लू कालवला की त्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच ग्लूने चिकटवून त्यावर घाणाचा नंबर आणि तारीख घाला. ग्लू पूर्ण पिकला की शेगड्यात धरून फोडा. लाकूड फाटलं पाहिजे, सांधा सुटता कामा नये. फोडलेले तुकडे टाकू नका. महिन्याने येणाऱ्या इन्स्पेक्टरला तोच एक पुरावा दाखवता येतो.

शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. सांगाड्याला साधं वार्निश मारलंत तर कापडावरचा डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) त्याला विरघळवतो, आणि कापड रिबवरून सोलून निघतं. कापड टेकणाऱ्या प्रत्येक पृष्ठाला डोप-प्रूफ दोन-भागी वार्निश हवं.

ओझरचा_फिटर

टाय रॉड बसवू नका. नुसते बाजूला ठेवूनही देऊ नका, करवतीने मधोमध कापा. शेडमध्ये राहिले तर पुढेमागे कुणीतरी "नवेच तर आहेत" म्हणून लावेल.

डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथचा डावा पंख हवेत निकामी झाला आणि दोघे गेले. तपासात दिसलं की धडाखालून दोन्ही खालच्या पंखांना जोडणारे दोन्ही लॅटरल टाय रॉड आट्यांच्या भागात तुटले होते, आणि तिथे थकव्याच्या भेगा आधीपासून वाढत आलेल्या होत्या. रॉडचं ठरलेलं आयुष्य २००० उड्डाण-तास किंवा १८ वर्षं. ते रॉड त्या मर्यादेच्या बरेच आत होते. त्यामुळे "तास शिल्लक आहेत" एवढ्यावर विसंबता येत नाही. रॉड कुणी बनवला आणि कोणत्या ड्रॉइंगवर, हे महत्त्वाचं. खालच्या पंखांची ओढ या दोन दांड्यांवर असते आणि भेग आट्याच्या तळाशी, नटाच्या आत सुरू होते. जागेवर असताना ती दिसणं अशक्य. नवे रॉड रिलीज सर्टिफिकेटसकट घ्या. या विमानाच्या डिझाइनची जबाबदारी डक्सफर्डच्या डी हॅविलँड सपोर्टकडे आहे, आधी त्यांना विचारा. त्यांच्या सगळ्या टेक्निकल न्यूज शीटची यादी काढून एकेका शीटपुढे "झालं / लागू नाही / बाकी" लिहा. हे काम कापडाआधीच करायचं असतं, कारण बऱ्याच शीट कापडाखालच्या भागांबद्दल आहेत.

सँडब्लास्ट वाचून जरा धस्स झालं. नळ्यांची जाडी कमी असते, भरड वाळू जोरात मारली तर पातळ होतात. शेपटीकडच्या खालच्या नळ्या अल्ट्रासॉनिक गेजने मोजून घ्या. विमान मागच्या स्किडवर बसलेलं असतं, म्हणजे पाणी वर्षानुवर्षं तिकडेच उतरतं आणि गंज आतून खातो. बाहेरचा प्रायमर कितीही सुंदर असो.

ताणाच्या चपट्या तारांवर आडवी ओरखड असेल तर तार बाद. वाकलेली तार सरळ करून वापरू नये. प्रत्येक तारेच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. दोन्ही टोकं सारखेच फेरे आत घेऊन सुरुवात करा, नाहीतर ताण देताना एका बाजूचे आटे संपतात. फोर्कच्या (तार ज्यात फिरवून बसते त्या टोकाच्या) तपासणी-भोकातून लॉकिंग वायरचं टोक घालून बघा. आरपार गेलं तर तार पुरेशी आत नाही.

आता खरा सल्ला. कापड चढवण्याआधी सगळं विमान उघड्या हाडांनी एकदा उभं करा. पंखांच्या आतल्या कर्णाच्या तारा आधी ट्रॅमलने (अंतर जुळवायच्या दांडीने) सारख्या करून घ्या, मग मधला भाग, स्ट्रट, तारा लावा. क्लिनोमीटरने (कोनमापकाने) वरच्या पंखाचा डायहेड्रल (टोकाकडे वर जाणारा उतार) पावणेतीन अंश, खालच्याचा साडेचार अंश जमतो का पाहा. फिटिंग दीड मिलिमीटरने सरकलेलं असेल तर ते आत्ता कळेल, आणि आत्ता दुरुस्त करता येईल. कापड, डोप, रंग झाल्यावर कळलं तर सुरीच लागते. याच वेळी कंट्रोल केबलही ओवा. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) फक्त खालच्या पंखांना आहेत. स्टिक डावीकडे नेली की डावा एलेरॉन वर गेला पाहिजे. उलट जोडणी ही या धंद्यातली जुनी चूक आहे, म्हणून कंट्रोल ज्याने जोडले त्याने आणि दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे, अशी दोनदा तपासणी करून दोघांच्या सह्या घ्यायच्या.

जाता जाता: मूळची घड्याळं (कॉकपिटमधली मापकं) असतील तर काच उघडू नका. अंधारात चमकणारे जुने आकडे रेडियमचे असतात. चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं.

मुक्ता_लेस्टर

धन्यवाद. रॉड उद्याच कापते. सांधेसुतारदादा, एक अडचण: आमच्या शेडमध्ये थंडीत १० अंशांच्या वर पारा जात नाही. रिसॉर्सिनॉल चालेल का?

सांधेसुतार

१० अंशांत नाही. लावलं तर कडक होईल, हाताला घट्ट लागेल, पण पूर्ण पिकणार नाही. ग्लूच्या माहितीपत्रकातलं किमान तापमान हवेचं नसून सांध्याचं असतं. शेडभर हीटर लावून उपयोग नाही. प्लास्टिकचा तंबू करून त्यात फक्त काम तापवा, २० अंशांच्या वर, आणि लाकूड आदल्या रात्रीपासून आत ठेवा. थर्मामीटरची तार सांध्याला चिकटवा. गॅसचा हीटर नको, त्याच्या धुरात पाण्याची वाफ असते.

हडपसरकर

कापडाबद्दल लिहितो. हडपसरला ग्लायडिंग सेंटरवर ज्यांचं रोहिणीसारख्या लाकडी ग्लायडरशी काम पडलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल.

लिनन दिसायला खरं, पण त्याला ओल आणि ऊन दोन्ही बाधतं. पॉलिएस्टर (सेकोनाइट १०२ वगैरे) दीर्घायुषी. विमान बाहेर राहणार असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, पॉलिएस्टर घ्या. मात्र त्याची एक खोड आहे. लिनन डोपने ताणलं जातं आणि तेवढ्यावर थांबतं. पॉलिएस्टर इस्त्रीने आकसतं आणि जेवढं तापवाल तेवढं ओढत जातं. टायगर मॉथची मागची कड आणि शेपटीचे भाग नाजूक. जास्त ताण दिला की कड रिबांच्या मधे कमानीसारखी आत ओढली जाते. म्हणून इस्त्री टप्प्याटप्प्याने: आधी सुमारे १०५ अंश, मग १२०, शेवटी १७५. त्यावर नाही, कारण पुढे कापड उलट सैल पडायला लागतं. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर विश्वास नको, तळाला थर्मामीटर लावून चकतीवर खुणा करून घ्या. एका बाजूचं पूर्ण ताणून मग दुसरी बाजू असं करू नका, पंख पिळवटतो. खाली-वर, आळीपाळीने.

रिबला शिवण मेणाच्या दोऱ्याची. टाक्यांचं अंतर साधारण तीन इंच, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतात येणाऱ्या भागात त्याच्या निम्मं; पक्का आकडा मॅन्युअलमधून घ्या. टाका घालण्याआधी रिबवर पट्टी टाका, नाहीतर दोरा कापडाला कापतो. गाठ रिबच्या कडेला, वर नाही. सगळ्या टाक्यांवर दातेरी कडेची टेप. खालच्या बाजूला मागच्या कडेलगत प्रत्येक कप्प्याला पाणी जाण्याची आयलेट (कडी लावलेलं भोक), आणि रंग झाल्यावर ती भोकं उघडी आहेत ना हे काडी घालून पाहायचं. वर सांधेसुतारांनी लिहिलेला केसीनचा अर्धा रोग तिथूनच सुरू होतो.

डोपचा पहिला हात नायट्रेटचा, पातळ करून, ब्रशने, कापडाच्या विणीत शिरेल असा. पॉलिएस्टरला डोप आतून धरत नाही, तो धाग्याभोवती गुंडाळून बसला पाहिजे. वर ब्युटिरेट. त्यावर अॅल्युमिनियम पावडर घातलेला रुपेरी डोप. त्याचं काम शोभेचं नाही, ऊन अडवण्याचं: रात्री पंखाच्या आत दिवा धरून बाहेरून पाहा, उजेड दिसला तर अजून एक हात. दमट दिवशी डोप मारू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठ थंड पडतं, हवेतली वाफ त्यावर बसते आणि डोप पांढरा पडतो. तो पांढरेपणा नुसता दिसण्यापुरता नसतो, तिथला थर कमकुवत असतो. ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की ब्रश धुऊन घरी जावं.

नायट्रेट डोपची आग भयंकर. सुकलेल्या थरावर कोरडं घासताना स्थिर वीज तयार होते. सांगाडा अर्थ करा, फरशी ओली ठेवा, ओलं घासा, फडके झाकणाच्या लोखंडी डब्यात.

आपल्या हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटचा टायगर मॉथ, एचयू-५१२, इंग्लंडातच उभा राहिला आणि २०१२ च्या वायुसेना दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडाला. सांगायचं कारण एवढंच, की या कामाचे जाणते हात तुमच्या आसपासच आहेत. एक दिवस शिवण शिकवायला कुणाला तरी बोलवा. वाचून गाठ येत नाही.

दोन_मॅग्नेटो

इंजिन चालू करून बघू नका. तास शिल्लक असण्याला अर्थ नाही, लोखंडाला लॉगबुक वाचता येत नाही. जिप्सी मेजर उलटं इंजिन आहे, चारही सिलिंडर खाली लोंबतात. इनहिबिटिंग ऑइल वर्षानुवर्षांत निथळून खालच्या हेडमध्ये जमतं आणि वरचा भाग, म्हणजे क्रँकशाफ्ट, कॅम आणि बेअरिंग, कोरडा पडतो. गंजलेल्या कॅमवर चार मिनिटं इंजिन चालवलंत तर ऑइलमध्ये भुकटी फिरते आणि चांगली बेअरिंगही जातात.

सिलिंडर उतरवा. बोअर मोजा, कॅमच्या टोकांवर खड्डे बघा, क्रँकशाफ्ट काढून मॅग्नेटिक क्रॅक टेस्टला द्या. पंख्याचा हब (मधला तुंबा) शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसतो. तिथे हब जरा जरी हलत राहिला की घर्षणाचे लालसर डाग पडतात आणि चावीच्या खाचेपासून भेग निघते. निळ्या रंगाने हब शाफ्टवर किती टेकतो ते बघा, टेकत नसेल तर लॅपिंग (घासून नेमकं बसवणं) जाणकाराकडूनच.

मॅग्नेटो थंड असताना छान ठिणगी देतात, तेवढ्यावर फसू नका. जुन्या आर्मेचरचं शेलॅक (लाखेचं वार्निश) तापल्यावर मऊ पडतं आणि कंडेन्सर गळतो, त्यामुळे इंजिन २० मिनिटांनी तापलं की खोकायला लागतं. बेंचवर गरम करून तास-दोन तास फिरवून बघा. शंका असेल तर दोन्ही नव्याने वाइंड करून घ्या. ते नेहमी स्वस्त पडतं.

पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधल्या भागात, १९ इंपीरियल गॅलनची. पंप नाही, सगळं गुरुत्वाने. टाकीच्या शिवणी साबणाच्या पाण्याने तपासा, हवेचा दाब दीड पीएसआयच्या वर नको, टाकी फुगते. मग विमान शेपटी खाली ठेवून कार्ब्युरेटरची नळी सोडा आणि स्टॉपवॉच लावून मोजा: इंजिनच्या कमाल खपाच्या निदान दीडपट इंधन आलं पाहिजे. कमी आलं तर आधी टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघा, कोळ्याचं जाळं पुरेसं असतं. गेजचा तरंगता बूच कॉर्कचा आणि शेलॅक लावलेला असतो. इथेनॉलवालं पेट्रोल शेलॅक खातं, कॉर्क पेट्रोल पिऊन बुडतो आणि टाकी भरलेली असताना गेज रिकामी दाखवतं. अॅवगॅस (विमानाचं पेट्रोल) वापरा.

पहिल्यांदा आणि पुढेही दर वेळी सुरू करण्याआधी, स्विच बंद, पेट्रोल बंद, पंखा हाताने हळूहळू फिरवा. खालच्या सिलिंडरात ऑइल साचलेलं असेल तर तो अडतो. अडला तर जोर लावू नका, खालचे प्लग काढून ऑइल निथळू द्या. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि स्विच बंद असले तरी पंखा जिवंतच धरायचा: मॅग्नेटोची अर्थची तार तुटलेली असेल तर "बंद" स्विचही चालूच असतो.

रॉकर बॉक्समधलं ऑइल हाताने भरावं लागतं, ते मुख्य ऑइलने भरत नाही. नवखे हे विसरतात. लाकडी पंख्याचे बोल्ट पहिल्या रनिंगनंतर आणि मग ऋतू बदलला की पुन्हा आवळून बघा. लाकूड सुकून आकसतं, बोल्ट सैल पडतात, आणि हबखाली लाकूड घासून काळं पडतं.

ओझरचा_फिटर

कापडाबाबत माझा कल लिननकडे. शिकाऊ हातात गरम इस्त्री देण्यापेक्षा डोपचा ब्रश बरा. शेडमध्येच राहणारं विमान असेल तर लिननही पुष्कळ टिकतं.

हडपसरकर

शेडमध्ये १० अंश आणि इंग्लंडची हवा म्हटल्यावर डोपने ताण आणायलाही तेवढीच कसरत. पण डिझाइन सपोर्टने जे कापड या विमानाला मंजूर केलंय तेच शेवटी लावायचं आहे, आधी तो कागद बघा.

मुक्ता_लेस्टर

पॉलिएस्टर मंजूर आहे, आत्ताच विचारून घेतलं. इंजिन ओव्हरहॉलला पाठवायचं ठरतंय. एक शेवटचं: कापड किती मागवू?

हडपसरकर

पंखांचं क्षेत्रफळ २३९ चौरस फूट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साधारण ४५ चौरस मीटर. धड आणि शेपटीचे २० धरा, वाया जाणारं १० ते १२. पावणेदोन मीटर पन्ह्याचं असेल तर ४५ मीटर पुरे. एकाच लॉटचं घ्या, लॉट नंबर लॉगबुकात चढवा, आणि त्यातलं दोन मीटर फक्त सरावाच्या फ्रेमसाठी आधीच कापून बाजूला ठेवा. टेप आणि दोरा मात्र हिशेबापेक्षा दीडपट.